जहाजावरचे उपग्रह इंटरनेट: करारावर सही करण्याआधीचा हिशोब

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही कोरेगाव, कराड, विटा, तासगाव, मिरज या भागांतली मुले मर्चंट नेव्हीत जातात आणि त्यांचे सहा ते नऊ महिन्यांचे करार घरचे लोक कॅलेंडरवर खुणा करून मोजत असतात. मुलाची बोट ठरली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘बोटीवर नेट आहे का?’ मॅनिंग एजन्सीचे, म्हणजे जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या संस्थेचे, उत्तरही ठरलेले असते, ‘आहे’. हे उत्तर खोटे नसते, परंतु त्यातून हाती काहीच लागत नाही, कारण आज बहुतेक मोठ्या व्यापारी जहाजांवर कोणते ना कोणते इंटरनेट असतेच. प्रश्न असा असतो की ते कोणत्या यंत्रणेवर चालते, दरमहा माणशी किती जीबी मिळते, त्यापुढच्या वापराचे पैसे कोण भरतो आणि कोणत्या पाण्यात ते बंद ठेवावे लागते. मी इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी (ईटीओ) म्हणून जहाजावर काम करतो आणि अँटेना बिघडली की शिडीने वर चढण्याचे काम ईटीओकडेच येते, म्हणून या चार प्रश्नांची उत्तरे कशी मिळवावीत आणि मिळालेल्या उत्तरांवरून हिशोब कसा मांडावा, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

यंत्रणा ओळखणे

वेग आणि खर्च या दोन्ही गोष्टी मुळात उपग्रह किती उंचीवर आहे आणि कोणत्या लहरींवर चालतो यावर ठरतात. आपल्या घराच्या गच्चीवरची डीटीएचची ताटली दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली असते, कारण ती ज्या उपग्रहाकडे पाहते तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरत असतो आणि म्हणून एका जागी स्थिर दिसतो. जहाजावरील पारंपरिक व्हीसॅट यंत्रणाही अशाच भूस्थिर उपग्रहांवर चालते. फरक इतकाच की जहाज हलते, डोलते, वळते, म्हणून तेथे ताटली पांढऱ्या घुमटात बसवतात आणि मोटारींच्या साह्याने ती सतत उपग्रहाकडे रोखून धरतात. या घुमटाला आम्ही डोम म्हणतो.

अंतर इतके मोठे असल्यामुळे प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशालाही वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. आपण इंटरनेटवरचे पान मागितले आणि ते आले, या एका देवाणघेवाणीत तो प्रवास दोनदा होतो आणि यंत्रांचा वेळ धरून सुमारे ०.६ सेकंद जातात. हा विलंब पैसे देऊन कमी होत नाही. बँकेचे ॲप उघडताना प्रत्यक्ष माहिती येण्यापूर्वीच फोन आणि सर्व्हर यांच्यात तीन-चार वेळा निरोपांची देवाणघेवाण होते, म्हणजे पडद्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंतच दोन-अडीच सेकंद सरतात. मोठी फाइल उतरवताना हा विलंब फारसा जाणवत नाही. बोलताना मात्र दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदमच सुरू होतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की समोरच्याचे वाक्य संपले असे वाटल्यावर एक क्षण थांबून मग बोलावे.

दुसरा प्रकार एल-बँडचा, म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरींचा, आहे. इन्मारसॅटचे फ्लीटब्रॉडबँड आणि इरिडियमचे सर्टस ही त्यातली परिचित नावे. या लहरींना पावसाची फारशी बाधा होत नाही आणि अँटेनाही लहान असते, पण वेग फार कमी असतो: फ्लीटब्रॉडबँडचा कमाल वेग सेकंदाला ४३२ किलोबिट, तर सर्टसचा ७०४ किलोबिट. ४३२ किलोबिटच्या जोडणीवर एकट्याने काही न थांबता उतरवले तरी एक जीबी यायला पाच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि बोटीवरची २२ माणसे एकदम बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० किलोबिटसुद्धा येत नाहीत. एवढ्यात व्हॉट्सॲपवरचा साधा आवाजी कॉलही नीट होत नाही. ज्या जहाजावर फक्त एल-बँड आहे तेथे नेट म्हणजे मजकुरी निरोप आणि ईमेल, एवढीच अपेक्षा ठेवावी. पुष्कळ जहाजांवर ही यंत्रणा व्हीसॅटच्या जोडीला राखीव म्हणून असते आणि मुख्य डोम बंद पडला की बोटीचे काम तिच्यावर चालते. त्या काळात खलाशांचे वायफाय सहसा बंद ठेवतात आणि ते योग्यही आहे, कारण तिचे बिल एमबीच्या हिशोबाने येते.

तिसरा प्रकार गेल्या काही वर्षांत आला आणि त्यानेच सगळे गणित बदलले. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, तर वनवेबचे १,२०० किलोमीटरवर फिरतात. वनवेबच्या उपग्रहांच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ३६ उपग्रहांच्या, इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडल्या होत्या. उंची कमी म्हणून विलंब कमी, आणि घरी व्हिडिओ कॉलवर बोलताना तो जाणवतही नाही. उपग्रह आकाशात झपाट्याने सरकत असतात, त्यामुळे एकाची नजर सुटण्यापूर्वी जोडणी दुसऱ्याकडे जाते. स्टारलिंकची अँटेना सपाट पाटीसारखी असते आणि तिच्यात फिरणारा भाग नसतो. ईटीओच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे, कारण डोममधले पट्टे, मोटारी आणि बेअरिंगे खाऱ्या हवेत काय हाल भोगतात हे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून एजन्सीला विचारावे ते असे: ‘बोटीवर व्हीसॅट आहे, फक्त फ्लीटब्रॉडबँड आहे की स्टारलिंकसारखी सेवा आहे?’ एजन्सीतल्या माणसाला ते माहीत नसेल तर त्याच बोटीवरून नुकताच साइन ऑफ झालेला, म्हणजे करार संपवून उतरलेला, कोणी असल्यास त्याचा नंबर मागावा. दोन मिनिटांच्या त्या फोनवर जेवढे कळते तेवढे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

जाहिरातीतला वेग आणि हातात येणारा वेग

व्हीसॅटच्या करारात दोन आकडे असतात. एक कमाल वेगाचा आणि दुसरा हमीच्या वेगाचा. कंपनी सांगते तो कमाल वेग, उदाहरणार्थ सेकंदाला ४ मेगाबिट. हमी मात्र त्याच्या लहानशा हिश्श्याचीच असू शकते, कारण उपग्रहाची तीच क्षमता त्या भागातल्या अनेक जहाजांत वाटलेली असते. कृष्णेच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याला पाळी असूनही पाणी केव्हा आणि किती पोहोचेल हे वरच्यांच्या मोटारींवर ठरते, तसाच हा प्रकार आहे. आपल्या बोटीतही तेच पुन्हा घडते. वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपवून, जेवून सगळे एकाच वेळी फोन हातात घेतात आणि सायंकाळी सात ते दहा या वेळात नेट रडतखडत चालते. माझा अनुभव असा की ज्याचा वॉच चार ते आठ आहे त्याने पहाटे वॉचवर जाण्यापूर्वी दहा मिनिटे काढली तर त्याचे काम बाकीच्यांच्या अर्ध्या वेळात होते.

शिवाय बोटीचे स्वतःचे काम आधी असते. हवामानाचा अंदाज, बोटीच्या स्थितीचा रोज दुपारी पाठवायचा नून रिपोर्ट, पुढच्या बंदराची कागदपत्रे, ईसीडीआयएस या इलेक्ट्रॉनिक नकाशा यंत्रणेवरील नकाशांच्या दुरुस्त्या, इंजिनाची माहिती, हे सगळे त्याच जोडणीवरून जाते. कंटेनर जहाजावर त्यात रीफर, म्हणजे शीत, कंटेनरची भर पडते: तासगावची द्राक्षे युरोपकडे निघाली की कंटेनरमधले तापमान काय आहे याची नोंद काही शिपिंग कंपन्या उपग्रहामार्फत माल पाठवणाऱ्याला दाखवतात. ही माहिती आकाराने अगदी किरकोळ असते. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास सुमारे दहा दिवसांनी लांबला, तेव्हा वाटेतल्या तापमानाच्या या नोंदींची किंमत निर्यातदारांना चांगलीच कळली.

पैशांचा हिशोब

स्टारलिंकची सागरी सेवा जुलै २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा महिन्याला ५,००० डॉलर आणि दोन अँटेनांच्या संचाचे १०,००० डॉलर असा भाव होता. २२ जणांच्या बोटीवर हा मासिक खर्च माणशी २२७ डॉलर पडतो. पुढच्याच वर्षी वापरानुसार योजना आल्या आणि ५० जीबीसाठी २५० डॉलर अशी सुरुवातीची पायरी ठेवण्यात आली. या दरांत नंतरही फेरफार होत आले आहेत, म्हणून करार करताना चालू दर पाहावा. पण हिशोबाची रीत समजण्यासाठी हेच आकडे घेऊ.

५० जीबीला २५० डॉलर म्हणजे जीबीला ५ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर एका जीबीला ४२५ रुपये झाले. साताऱ्यात रोज दीड जीबी देणारे २८ दिवसांचे रिचार्ज ३०० रुपयांच्या आसपास मिळते, म्हणजे जीबीला सात रुपये. समुद्रावरचा जीबी सुमारे साठपट महाग आहे, आणि हा तुलनेने स्वस्त झालेल्या सेवेचा भाव आहे. त्या ५० जीबीतले काहीही बोटीच्या कामाला न वापरता सगळे खलाशांना वाटले, तरी २२ जणांत माणशी सव्वादोन जीबीच येतात. आपल्या गावाकडचा फोन दीड दिवसात तेवढे संपवतो. त्यामुळे ‘आमच्या बोटीवर स्टारलिंक आहे’ एवढे ऐकून निर्धास्त होऊ नये. कंपनीने कोणती योजना घेतली आहे आणि त्यातून माणशी किती कोटा ठरवला आहे, हेच विचारावे.

आता आपली गरज मोजावी. रोज २० मिनिटे आवाजी कॉल धरला आणि तासाला ३० ते ४० एमबी लागतात असे मानले, तर महिन्याला साधारण ३६० एमबी होतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास व्हिडिओ कॉल केला तर महिन्यात दोन तास होतात. सेकंदाला एक मेगाबिट या बेताच्या दर्जावर तासाला ४५० एमबी लागतात, म्हणजे ९०० एमबी. निरोप आणि निवडक फोटो ३०० एमबी, बातम्या, मेल आणि बँक ४०० एमबी. एकूण दोन जीबीच्या आत हे सगळे बसते. याउलट सेकंदाला पाच मेगाबिट ओढणारा एक तासाचा चित्रपट सव्वादोन जीबी खातो. चित्रपट घरून हार्ड डिस्कवर भरून न्यावेत, हा सल्ला जुना असला तरी अजून खरा आहे.

म्हणून महिन्याला तीन जीबी कोटा मोफत असेल तर शिस्तीच्या माणसाला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. कोटा एक जीबीचा असेल आणि पुढचे व्हाउचर विकत घ्यायचे असेल तर एका जीबीचा दर काय, व्हाउचरची मुदत किती, महिन्याअखेरीस उरलेला डेटा पुढे जातो की बुडतो आणि पैसे पगारातून वळते होतात की रोख द्यावे लागतात, हे सहीपूर्वी विचारून ईमेलवर उत्तर घ्यावे. कॅडेटला, म्हणजे शिकाऊ मुलाला, मिळणारे विद्यावेतन तुटपुंजे असते आणि पहिल्या महिन्यात घरची ओढ सर्वांत जास्त असते; व्हाउचरवर सर्वांत जास्त पैसे त्याच महिन्यात जातात. घरच्यांनी त्या महिन्यात मुलाला तासन्‌तास व्हिडिओवर धरून ठेवू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

फोन तयार करणे

बोटीवर चढण्यापूर्वी, घरच्या वायफायवर असतानाच फोन आणि लॅपटॉप यांची तयारी पूर्ण करावी, कारण बोटीवरच्या जोडणीला लागताच फोन साठलेली सगळी कामे एकदम सुरू करतो. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या तपशिलात जाऊन ते ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायचे, ठरवण्याची सोय असते आणि आयफोनमध्ये ‘लो डेटा मोड’ असतो. या एका खुणेमुळे पार्श्वभूमीवरची बरीच उधळपट्टी थांबते. विंडोजच्या लॅपटॉपवर हीच खूण न केल्यास सिस्टिमची एकच मोठी अपडेट महिन्याचा कोटा गिळू शकते. गूगल फोटोजचा बॅकअप आणि प्ले स्टोअरची आपोआप होणारी अपडेट बंद करावी. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि दस्तऐवज आपोआप उतरवणे वायफायसाठीसुद्धा बंद करावे. पुष्कळ जण फक्त मोबाइल डेटापुरते बंद करतात आणि विसरतात की बोटीवर आपण वायफायवरच असतो. त्याच पानावर कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा.

एवढे करूनही गावच्या ग्रुपवर बावधनच्या बगाडाचा व्हिडिओ आला की हाताचे बोट त्यावर टेकतेच. टेकायला हरकत नाही, फक्त उतरवण्यापूर्वी खाली लिहिलेला आकार वाचावा. शंभर एमबीचा व्हिडिओ आणि तीन तास आवाजी बोलणे यांची किंमत जवळपास सारखीच आहे.

बोटीवर असताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवून फक्त वायफाय चालू ठेवणे उत्तम. प्रवासी जहाजांवर आणि फेरीबोटींवर उपग्रहामार्फत चालणारे स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असू शकते. डेटा रोमिंग चालू राहिले तर फोन त्याला जोडला जातो आणि घरच्या सिमचे बिल डोळे पांढरे करते. बोटीच्या यंत्रणेबाबतही एक नियम कटाक्षाने पाळावा. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, ईसीडीआयएसच्या यूएसबी खाचेत फोन चार्जिंगला लावू नये आणि स्वतःचा पेनड्राइव्ह बोटीच्या संगणकाला जोडू नये. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरावानुसार १ जानेवारी २०२१ नंतर सायबर धोक्याचा विचार जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनात करावा लागतो. खलाशांचे वायफाय आणि बोटीचे नेटवर्क वेगळे ठेवलेले असते ते याच कारणासाठी.

घरची तयारी

बँकेचा ओटीपी एसएमएसवर येतो आणि भर समुद्रात एसएमएस येत नाही, ही अडचण प्रत्येक करारात नव्याने डोके वर काढते. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता यांची सोय संयुक्त खाते किंवा स्थायी सूचना देऊन आधीच लावावी. ईमेलवर ओटीपी देण्याची सोय आपल्या बँकेत आहे का ते शाखेत जाऊन विचारावे. बोटीचे नेट दुसऱ्याच एखाद्या देशातल्या भू-केंद्रातून बाहेर पडते, त्यामुळे बँकेला आपण त्या देशातून आलो आहोत असे दिसते आणि ॲप प्रवेश नाकारू शकते. तो बोटीच्या जोडणीचा बिघाड नसतो.

घरच्यांनी बोट मोफत नकाशावर पाहायची असेल तर एक गोष्ट समजून घ्यावी. जहाजाची ओळख आणि ठिकाण सांगणारा एआयएस संदेश व्हीएचएफ लहरींवर जातो आणि किनाऱ्यावरच्या केंद्राला तो मर्यादित अंतरापर्यंतच मिळतो. त्यापुढची नोंद उपग्रहामार्फत होते आणि तिचे सहसा वेगळे पैसे पडतात. म्हणून अरबी समुद्र ओलांडताना बोट नकाशावरून नाहीशी झाली तर काळजीचे कारण नसते. काही तणावाच्या पाण्यात जीपीएसमध्ये अडथळे आणले जातात, तेव्हा बोट जमिनीवर उभी असल्याचेही दिसते. तसेच व्हॉट्सॲप बंद पडले म्हणजे बोट संकटात आहे असे नव्हे. संकटसमयीची जीएमडीएसएस यंत्रणा १९९९ पासून पूर्णपणे लागू आहे, तिची उपकरणे वेगळी असतात आणि खलाशांच्या वायफायशी तिचा संबंध नसतो.

उलट दिशेचाही विचार करावा. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या अनेक भागांत वीज नव्हती, फोन लागत नव्हते आणि बोटीवरच्या मुलाला बातम्यांत आयर्विन पुलाजवळचे पाणी दिसत होते. अशा वेळी एजन्सीचा किंवा कंपनीचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी उपयोगी पडतो. तो क्रमांक, बोटीचे नाव, बोटीच्या ओळखीचा आयएमओ क्रमांक आणि बोटीचा ईमेल पत्ता घरात कागदावर लिहून ठेवावा, आणि पुराच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडेही त्याची प्रत द्यावी.

नेट थांबले तर कारण कसे शोधावे

नेट गेले की सगळे ईटीओच्या केबिनचे दार वाजवतात. त्याआधी थोडे निरीक्षण केले तर निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडते. नेट विशिष्ट दिशेने जातानाच जात असेल आणि बोट वळली की परत येत असेल, तर डोम आणि उपग्रह यांच्या मध्ये फनेल (धुराडे), मास्ट (डोलकाठी) किंवा क्रेन येत आहे. याला आम्ही ब्लाइंड सेक्टर म्हणतो आणि दोन डोम असलेल्या बोटीवर हा त्रास कमी असतो. बंदरात धक्क्यावरच्या उंच गॅन्ट्री क्रेन हेच काम करतात. जोराच्या पावसात नेट जात असेल तर तो व्हीसॅटच्या केयू किंवा केए या उच्च वारंवारतेच्या लहरींचा स्वभाव आहे. महाबळेश्वरला जुलैमध्ये डीटीएच ज्या कारणाने बंद पडते तेच कारण येथेही असते आणि ढग सरकेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नसतो. स्टारलिंकही याच लहरींच्या पट्ट्यात काम करते, म्हणून तीही या त्रासातून पूर्ण सुटलेली नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटे व्हीसॅट जात असेल तर सूर्य नेमका भूस्थिर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. बोट नॉर्वेच्या उत्तरेकडे निघाली की भूस्थिर उपग्रह क्षितिजाला टेकतो आणि एखादा डोंगरही त्याला झाकतो. तेथे खालच्या कक्षेतली सेवा नसेल तर संपर्क तुटणार हे धरून चालावे.

किनारा जवळ येताना नेट एकाएकी बंद होत असेल तर कारण बहुधा कायद्याचे असते. प्रत्येक देश आपल्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक पाण्यात कोणती उपग्रह सेवा चालू द्यायची हे ठरवतो आणि परवानगी नसलेल्या पाण्यात ती बंद ठेवावी लागते. भारताने जहाजांवरील अशा सेवेसाठी २०१८ मध्ये नियम केले आणि परवानाधारक कंपनीमार्फतच ती देता येते. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे: थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन स्वस्तात मिळाला म्हणून परदेशातून विकत घेऊन परवानगीशिवाय भारतात आणणे हा गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यासाठी अटकही होऊ शकते.

बोटीवर नेट नसले की मोबाइलचा सिग्नल शोधण्याची धडपड कोणत्या थराला जाऊ शकते याचे उदाहरण नोंदीत आहे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळ खडकावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. जपानच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की किनाऱ्यावरचे मोबाइल सिग्नल मिळावेत म्हणून जहाज बेटाच्या जवळ नेले गेले होते. बोटीवर पुरेसे नेट देणे ही खलाशांवरची मेहेरबानी नसून सुरक्षेचा भाग आहे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

हक्क आणि तक्रार

सागरी कामगार करार, २००६ या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार जहाजमालकाने व्यवहार्य असेल तितके खलाशांना समाजसंपर्काचे साधन, म्हणजेच इंटरनेटही, पुरवायचे आहे आणि शुल्क घेतलेच तर ते वाजवी असले पाहिजे. भारताने मूळ करार २०१५ मध्ये स्वीकारला. ‘व्यवहार्य असेल तितके’ या शब्दांत पळवाट आहे हे उघड आहे, आणि किती जीबी म्हणजे पुरेसे याचा आकडाही करारात नाही. तरीही एजन्सीशी बोलताना या दुरुस्तीचा नुसता उल्लेख केला तरी उत्तराचा सूर बदलतो, असे माझे निरीक्षण आहे. एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे की नाही, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळूनच असले बोलणे सुरू करावे.

बोटीवर ठरल्यापेक्षा कमी कोटा मिळाला किंवा व्हाउचरचा दर वेगळा लावला, तर आधी ईटीओ किंवा सेकंड ऑफिसरकडे वापराची नोंद मागावी. कोटा सर्व्हरवर प्रत्येक खात्याने किती एमबी वापरले ते दिसते आणि बहुतेक वाद तेथेच मिटतात, कारण चोर आपल्याच फोनच्या बॅकअपमध्ये सापडतो. नोंद बरोबर असूनही आकारणी चुकीची वाटली तर सहीपूर्वीचा तो ईमेल जोडून कॅप्टनकडे लेखी तक्रार द्यावी. प्रत्येक बोटीवर तक्रारीची लेखी पद्धत असणे याच कराराने बंधनकारक केले आहे आणि तिची प्रत साइन ऑन होताना खलाशाला मिळाली पाहिजे. ती मिळाली नसेल तर पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी, आणि साइन ऑफच्या वेळी पगाराच्या अंतिम हिशोबावर सही करण्यापूर्वी इंटरनेटपोटी कापलेली रक्कम महिन्यागणिक व्हाउचरशी ताडून पाहावी.